मधलं नाव

सोमवार, ६ जानेवारी

आठ दिवस! अल्पेशसर म्हणजे कमाल आहे. दिंडोशीकडच्या टेकडीवर झोपड्यांचा सर्व्हे सुरू होणार, बिल्डरला त्यासाठी अ‍ॅप हवं, आणि हा माणूस मला न विचारता तारीख देऊन मोकळा. म्हणे, "तू करशील गं हेमांगी, ती तयार कोडची नवी जावा लायब्ररी आहे ना!" आहे. म्हणून काय जादू आहे?

बुधवार, ८ जानेवारी

जादूच आहे यार. आधी जिथे पन्नास ओळी लागायच्या तिथे आता एक @ आणि पुढे एक शब्द. रकान्याच्या डोक्यावर चिकटवायचा, खालचं सगळं लायब्ररी बघून घेते. 'रिकामं चालणार नाही' — एक शब्द. 'आकडेच हवेत' — एक शब्द. दुपारपर्यंत अख्खा फॉर्म उभा! नाव, मधलं नाव, आडनाव — तिन्हींवर 'रिकामं चालणार नाही' ठोकून टाकलं.

रुक्मिणीमावशी चहा घेऊन आल्या. ऑफिसची झाडलोट आणि चहापाणी त्यांच्याकडे असतं. स्क्रीनकडे बघत म्हणाल्या, "ह्या आमच्याच टेकडीचा काय गो?" हो म्हटलं. "मग नीट कर हां बाय. तेवीस वर्षं झाली मला तिथे." म्हटलं, माझ्यावर सोडा.

गुरुवार, १६ जानेवारी

दिलं एकदाचं! टेस्टिंग काय, मी आणि शेजारच्या टेबलावरच्या सर्वेशने आपापल्या घरच्यांची नावं भरून बघितली. टेकडीवर नेट धड नाही, म्हणून फोनवर लगेच 'नोंद झाली' दाखवायचं, माहिती सर्व्हरला मागाहून पोचेल — ही आयडिया माझी. सर्वेश म्हणाला, डोकं आहे तुला.

शनिवार, २५ जानेवारी

मावशींनी पेढे आणले. सर्व्हेवाली बाई घरी येऊन गेली. "हिरवी खूण बघितली मी. तुझ्याच यंत्रात गो!" मी दोन पेढे खाल्ले.

सोमवार, १० फेब्रुवारी

पात्र झोपडीवाल्यांची यादी लागली. मावशींचं नाव नाही. मागच्या-पुढच्या सगळ्यांची आहेत, त्यांचंच नाही. यादीत नाही म्हणजे अपात्र, आणि अपात्र म्हणजे नवं घर नाही, वर आहे तेही तोडणार. मावशी माझ्या टेबलाशी उभ्या राहिल्या. "काय झालं असेल गो?" मला काय माहीत, म्हटलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

माहीत झालं. सर्व्हरने नाकारलेल्या नोंदी उघडल्या. एक्केचाळीस. सगळ्या बायका! सगळ्यांचं मधलं नाव रिकामं.

फोनने 'नोंद झाली' म्हटलं आणि सर्व्हरने एकेक केराच्या टोपलीत टाकली. माझ्या त्या एका शब्दाने. आपल्यात मधलं नाव असतंच की, बापाचं नाहीतर नवऱ्याचं — मी विचारसुद्धा केला नव्हता! मावशींना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी डाव्या हाताची बाही वर केली. कोपरापासून खाली सगळी कातडी गोळा झालेली. "माझ्या नवऱ्यान, अनंतान चुलीत धरलेला. तेव्हापासून त्याचं नाव कुठे लावत नाय. आधारवर पण दोनच नावं."



बुधवार, १२ फेब्रुवारी

अल्पेशसरांना सांगितलं. "बोंबाबोंब करू नकोस. चूक लेखी दिली तर उद्या आपल्याला दारात कोण उभं करेल? आणि कोडवर नाव तुझं आहे, कळलं ना? हरकतीला वेळ आहे, भरतील परत." तो शब्द काढायला अर्धं मिनिट लागतं. पण काढला तर कोडच्या नोंदीत तारखेसकट दिसणार की चूक होती. नाही काढला. भित्री कुठली!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मावशींना म्हटलं, अ‍ॅपमधल्या हरकतीच्या फॉर्मात मधलं नाव भरून टाका ना. नुसतं भरायचंच तर आहे, कोण बघतंय! त्यांनी डावी बाही खाली ओढली. मग, "भरल्याशिवाय होणारच नाय?"

"यंत्र घेत नाही, मावशी."

यंत्र! माझ्या जिभेला हाड नाही. त्यांनी नाव सांगितलं, मी टाइप केलं — अनंता. या वेळी नोंद खरंच झाली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सुनावणी. सोबत मी गेले. साहेबाने फॉर्म बघितला. "नवरा हयात आहे? मग घर दोघांच्या नावावर होणार. त्याचा अंगठा लागेल. नाहीतर मृत्यूचा दाखला नाहीतर फारकतीचा कागद." मावशी म्हणाल्या, माझा त्याचा काही संबंध नाही. साहेब म्हणाला, "नाव तुम्हीच लिहिलंत ना बाई?"

एक्केचाळीस नावांची यादी माझ्या पर्समध्ये होती. काढून टेबलावर ठेवायची, बस. हात पर्सच्या चेनवर ठेवून बसून राहिले. बाहेर आल्यावर मावशींनी पाणी मागितलं.

मंगळवार, ४ मार्च

मावशी कामावर नाहीत. तिसरा दिवस. फोन बंद.

शुक्रवार, ७ मार्च

आज सगळं लिहून पाठवलं. सर्व्हेच्या ऑफिसला, यादीसकट, स्वतःच्या नावाने — चूक माझी आहे, या बायकांची नाही. अल्पेशसरांनी केबिनमध्ये बोलावून एवढंच म्हटलं, "सोमवारपासून येऊ नकोस." सर्वेश मान खाली घालून बसला होता. घरी आईला सांगितलं. म्हणाली, "बरं केलंस. पण एवढा उशीर का गं?" खूप रडले.

मंगळवार, १८ मार्च

उत्तर आलं! मधल्या नावाशिवाय नोंदी परत घेणार. चाळीस.

चाळीस? फोन केला. तिथली बाई म्हणाली, "रुक्मिणी ना? त्यांचा फॉर्म पूर्ण आहे मॅडम. नवऱ्याचा अंगठापण आलाय. त्यात दुरुस्तीचं काही नाही."

मीच पूर्ण केला होता.

रविवार, २३ मार्च

टेकडीवर गेले. पत्ता विचारत विचारत घर सापडलं. कडी वाजवली तर दार एका म्हाताऱ्याने उघडलं, गंजीफ्रॉकवर. मला खालून वर बघितलं.

आतून मावशींचा आवाज आला — "कोण आलंय हो?"