सीडीला लागलेला टिळा

थळ कोळीवाडा,
१४ ऑक्टोबर २०२४

प्रिय धनेश,

तुला, मृणालीला आणि आमच्या नवरीबाईला केसरताईचा आशीर्वाद. तू वेरावळहून पाठवलेला सीडी प्लेयर पोचला. ऐन दसऱ्याच्या सकाळी टेम्पोवाल्याने खोकी ओट्यावर आणून टाकली. एक खोकं खालून ओलं होतं, त्यावरून माझं आणि त्याचं वाजलं. आतलं सामान कोरडं निघालं म्हणून तो सुटला.

तुझा निरोप मिळाला. लग्नापर्यंत आईने रोज आपलीच सीडी ऐकावी, विसरलेलं तिला आठवावं, आणि रुचिकाच्या हळदीपासून लग्नाची सगळी गाणी, सगळे धवले तिनेच गावेत. नवरीची आजीच धवलारीण म्हणून सासरची मंडळी खूश आहेत, हेही कळलं. भटजी उशिरा आला तर चालतो, पण धवलारणीने गायल्याशिवाय आपल्याकडे हळद लागत नाही, हे त्या तुझ्या वेरावळच्या शेजाऱ्यांना तूच समजावून सांग.

लग्नगीतं गोळा करायला आलेल्या पुण्याच्या बाईंनी आईचं गाणं रेकॉर्ड करून दिलं ती सीडी एकच आहे. बाई आता हयात नाहीत. आपला जुना प्लेयर खाऱ्या वाऱ्याने गंजला, तेव्हापासून सीडी कपाटात साड्यांखाली पडून होती. तिला काही झालं तर आईचे धवले कायमचे गेले. हे डोक्यात ठेवून पुढचं वाच.

मशीनबरोबरचं पुस्तक इंग्रजीत होतं. अंगणवाडीत सरकारी कागद वाचून माझे डोळे तयार झालेत, त्यामुळे सगळं वाचून काढलं. खिडकीजवळ वारा लागतो म्हणून मशीन आतल्या खोलीत ठेवलं, भिंतीपासून जरा पुढे. तुळशी मावशीने क्रोशाचं झाकण विणून आणलं होतं, ते परत केलं. वरच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते, त्या झाकायच्या नाहीत. मावशीला वाटलं मला तिचं विणकाम आवडलं नाही. भिंतीवरचा बोर्ड जुना, तीन पिनांचा प्लग बसेना. शेजारचा दयाराम म्हणाला, "काडी घालून बसवतो, काय होत न्हाय." त्याला आधी घरी पाठवला आणि वायरमनकडून बोर्ड बदलून घेतला.

सण होता, त्यामुळे पूजा आलीच. मावशी ताट घेऊन हजर.

"केसर, नवा मशीन हाय. नारळ वर फोडू ना? बोटीच्या इंजिनावर फोडतो तसा."

"मावशी, इंजिनाला पाण्याची सवय आहे. हे पाण्याने जळेल. नारळ दारात फोड आणि ह्याला लांबून ओवाळ."

"बरा. तुझा मशीन, तुझा कायदा."

मी जिंकले असं मला वाटलं. सीडी डबीतून काढून पाटावर ठेवली आणि मशीनच्या मागे वाकून स्पीकरच्या वायरी जोडायला घेतल्या. लाल लालला, काळी काळीला, प्लग सगळ्यात शेवटी. आई समोर पलंगावर बसली होती.

इतक्यात आपटल्याचा आवाज झाला. एकदा, मग पुन्हा पुन्हा. मी डोकं वर काढलं तर आई पितळेचा तांब्या पलंगाच्या लाकडावर आपटत होती. तोंड उघडं, डोळे मोठे झालेले. आणि मावशी सीडी हातात धरून उभी. ओल्या बोटाने कुंकवाचा टिळा, त्यावर तांदूळ, तेही चकचकीत बाजूला, जिथून मशीन आवाज वाचतं.

"चमकतंय तोच तोंड ना?" मावशी म्हणाली. "तिथंच लावला."

धनेश, आईने ते आधी पाहिलं होतं. तिने ओरडायला तोंडही उघडलं होतं. पण आवाज आला नाही.

आता लिहिते. आईला आवाज नाही. गणपतीत तू आलास तेव्हा "बाजारात ओरडून घसा बसलाय" असं तुला सांगितलं, तो कॅन्सर होता. विसर्जनानंतर मुंबईच्या मोठ्या इस्पितळात ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. गळ्यात खाली भोक आहे, तिथून ती श्वास घेते. त्यावर पातळ रुमाल बांधते. जखम भरतेय, पेज आणि वरण जातंय, डॉक्टरांना गाठ पूर्ण निघाली असं वाटतं. ऑपरेशनला नेताना तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "धन्याला सांगशील तर माझा मेलेला तोंड बघशील. तो सगला टाकून येईल नि पोरीचा लगीन लांबवील." तिचं हे शेवटचं बोलणं मी ऐकलं. असल्या शपथेचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. मी तुझ्यावर चिडत होते, की तू मशीन पाठवतोस आणि स्वतः येत नाहीस. तुला माहीतच नव्हतं, तरी चिडत होते.

मावशीला मी काही बोलायच्या आत आई उठली, सीडी ओढून घेतली आणि पदराने गोल गोल घासायला लागली. कुंकू, तांदळाचा चुरा, सगळं काचेवर रेती घासावी तसं. मी तिचं मनगट धरलं. तिने हिसका दिला. मी सोडलं नाही. आपल्या आईशी मी अशी झटापट करीन असं मला कधी वाटलं नव्हतं. मग तीच खाली बसली आणि सीडी माझ्या हातात दिली.

साध्या पाण्याची बारीक धार सोडून धुतली. बाबांच्या जुन्या मलमलीच्या उपरण्याने टिपली, मधून काठाकडे सरळ पुसली. चांगली सुकू दिली. मावशी कोपऱ्यात रडत होती, तिला चहा ठेवायला लावलं. मग प्लग लावला, आवाजाचं बटण शून्यावर नेलं, सीडी आत सरकवली. पडद्यावर आलं, सीडी नाही. बाहेर काढली, पुन्हा पुसली, पुन्हा घातली. आई माझ्याकडे बघत नव्हती, मशीनकडे बघत होती. आत काहीतरी फिरायला लागलं. मी बटण हळूहळू वाढवलं.

आईचा आवाज आला रे. चांगला दणदणीत, देवांना मांडवात बोलावताना लावायची तसा.

मधे एका ठिकाणी चरा पडलाय, तिथे गाणं उडी मारतं. तिथे आईचे ओठ चालू राहिले. गाळलेले शब्द तिने आवाजाशिवाय म्हटले, आणि सीडी पुढे निघाली तेव्हा दोघी बरोबर एका शब्दावर होत्या. मला रडू आवरलं नाही. तुळशी मावशीला तर मुळीच नाही.

आता तिचा बेत ऐक. खुणा करून तिने मला सांगितलं, की मशीन मांडवात पडद्यामागे ठेवायचं, ती पदर पुढे ओढून नुसते ओठ हलवणार, कुणाला कळायला नको. तुलासुद्धा. मी नाही म्हणाले. ती माझ्याशी रुसली आहे. पण मी त्या पडद्यामागे बसून बटणं दाबणार नाही. सीडी वाजेल ती सगळ्यांना माहीत असताना वाजेल, आणि आई समोर पाटावर बसेल, धवलारणीच्या जागेवर. लग्न लांबवू नकोस, ते तिला सहन होणार नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुझा फोन आला की ती माझ्या शेजारी येऊन बसते. मी "आई झोपलीय", "आई बाजारात गेलीय" म्हणते तेव्हा ती तिथेच असते, तुझं प्रत्येक वाक्य ऐकत. या रविवारी मी तसं म्हणणार नाही. फोन तिच्या कानाला लावीन. तू बोल. पलीकडून काही आलं नाही तरी बोलत राहा, आणि ती ठेवेपर्यंत तू ठेवू नकोस.

तुझी,
शपथ मोडलेली ताई