नाक कापलेली पाणबुडी

ती. बाबा,

मी नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा तुम्ही फोनवर म्हणालात, "आमचं नाक कापलंस."

आता मी स्कॉटलंडमध्ये, डंडीच्या म्युझियममध्ये गाइड आहे. दुसऱ्या महायुद्धात डच नौदलाच्या ओ-२१ वर्गाच्या पाणबुड्या जर्मनांना चुकवून ब्रिटनला आल्या. पाण्याखालून हवा ओढायला त्यांना नळी होती. ब्रिटिशांनी ती नको म्हणून काढून टाकली. म्हणजे नाकच कापलं की! तरी पुढच्याच वर्षी त्यांतल्याच ओ-२१ने एक जर्मन पाणबुडी बुडवली.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुम्ही ते आईला वाचून दाखवाल आणि ती रडत बसेल. पण पुन्हा नाकाचं काढलंत, तर फोनवरच सांगेन: नाक गेलं असेल, मी बुडाले नाही.

लहानपणी तुम्ही लाडानं म्हणायचात तीच,
नकटी अक्षया