नानांचं सर्टिफिकेट आणि आजोबांचा हात

प्रिय आई,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी येईल असं वाटलं नव्हतं. तुला वाचता कुठे येत होतं! नानांची पत्रंसुद्धा मीच तुला वाचून दाखवायचे. पण चार दिवस झाले, टेबलावर एक कोरा कागद पडलाय आणि त्यावर चार ओळी लिहिणं मला जमत नाहीये. तीस वर्षं इतिहास शिकवला मी, आई! आता बसले की उठते, उठले की पुन्हा येऊन बसते. म्हणून म्हटलं, आधी तुझ्याशी बोलून घ्यावं.

झालं असं, की स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली म्हणून माझ्या पेणच्या शाळेत जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरवताहेत. वसंताने रोह्याच्या घरातून नानांचं सर्टिफिकेट पाठवलं, फ्रेमसकट. तेच गं, मिठाच्या नाक्यावर कारकून असताना गोऱ्या साहेबाने सही करून दिलेलं. 'प्रामाणिक आणि विश्वासू सेवेबद्दल.' फोनवर म्हणाला, "ताई, खाली चार ओळी तूच लिही. नाना काय होते ते मुलांना कळू दे." मी हो म्हटलं. का म्हटलं गं मी हो?

दर दसऱ्याला तू ती फ्रेम खाली घ्यायचीस, ओल्या फडक्याने पुसायचीस, पुन्हा खिळ्याला अडकवायचीस. मी स्टूल धरून उभी असायचे. तुझ्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही. इतकं कसं गं काही दिसायचं नाही!

हिरामामा रोह्याला आला तो दिवस आठवतो? मी चौथीत होते. तुझा मोठा भाऊ, वडखळच्या पलीकडे खाडीकाठी मिठागरात राबणारा. तुझ्यासाठी पाटीतून जिताडा मासा घेऊन आला होता. पाय धुऊन आत आला आणि भिंतीकडे बघून थांबला.

"दाजी, साहेब गेला ना? मग ह्यो कागद अजून कशाला टांगलाय?"

नाना म्हणाले, "तो माझ्या कष्टाचा कागद आहे, हिरा."

"माज्या बापाचा हात त्यांच्याच मिठापायी मोडला. ठाव हाय ना तुमाला?"

नानांचा आवाज चढला. "आणि तुला खोत ठाऊक आहे? माझा बाप खोताचं कूळ होता. अंगणात उभं राहायचं, ओटीवर पाय ठेवायचा नाही. मला शाळेत घातलं म्हणून बापाला चार माणसांत शिव्या घातल्या त्याने. इंग्रजी शिकून नोकरीला लागलो, तेव्हा तोच खोत कागद वाचून घ्यायला मला ओटीवर बसवू लागला. साहेब गेला ते बरंच झालं. पण साहेब नसता तर मी अजून त्या अंगणातच उभा असतो!"

मामा उठला. तुझ्याकडे बघून "येतो गो" एवढंच म्हणाला आणि न जेवता गेला. नाना असेपर्यंत तो पुन्हा आपल्या घराची पायरी चढला नाही.

मी तुला विचारलं होतं, "आई, कोणाचं खरं?" तू म्हणालीस, "भात निवतोय. जेव."

मग मी माझी बाजू ठरवूनच टाकली. कॉलेजात गेले, पुस्तकं वाचली, लूट म्हणजे काय ते समजलं आणि ते सगळं नानांच्या अंगावर फेकू लागले. एकदा ते म्हणाले, "तू शिकलीस ती शाळा आधी कोणी काढली?" मी म्हटलं, "चिमूटभर मिठासाठी माणसांना झोडपणाऱ्यांनी! आणि तुम्ही त्यांचे हुजरे!" नानांनी चष्मा काढला, घडी करून खिशात ठेवला आणि बाहेर निघून गेले. मला वाटलं मी जिंकले. तू चुलीपाशीच होतीस. तेव्हा एक शब्द बोलली असतीस तर?

बोललीस ती नाना गेल्यावर. तुला कायमची पेणला घेऊन येत होते. निडी स्टेशनात गाडी बराच वेळ थांबून राहिली. मी काही विचारलं नव्हतं. खिडकीबाहेर बघत तू आपणहून सुरू झालीस.

तू तेरा वर्षांची होतीस. खाडीच्या भरतीचं पाणी शिरतं त्या खाजणात उन्हाने आपोआप धरलेलं मीठ तू ओंजळीने फडक्यात भरत होतीस. सरकारच्या परवानगीशिवाय तेवढंही उचलायची बंदी. शिपाई आला. आजोबा धावत आले आणि म्हणाले, पोरीनं नाय, मी काढलं. शिपायाने काठीने त्यांना मारलं ते हात मोडेपर्यंत. मग नाक्यावर नेलं. तिथे विशीतला एक कारकून बसला होता. शिपाई त्याला म्हणाला, लिही, बांधावरून पडला.

"तुजा नाना रडत व्हता गो," तू म्हणालीस. "रडत व्हता, पन लिवलं त्यानं."

तुझा आवाज भाजी निवडताना असायचा तसाच होता, आई. वर्षभराने नाना एकटेच तुमच्या घरी आले, आजोबांसमोर उकिडवे बसले आणि आपण खोटं लिहिल्याचं तोंडाने कबूल केलं. आजोबा म्हणाले, कबूल करायला आला, असा पोरगा आपल्या पोरीला मिळायचा नाय.

"आणि लग्नाचं तुला कोणी विचारलं?"

"मला कोन इचारतंय!" तू चक्क हसलीस.

मी विचारलं, तुला राग नाही येत इंग्रजांचा? तू म्हणालीस, "गोरा मी उभ्या जन्मात पायला नाय. मारनारा शेजारच्या गावचा. लिवनारा माजा नवरा. राग येतो. पन कोनाचं नाव घेऊन करू?" आणि मग माझं मनगट धरून म्हणालीस, "वसंताला सांगू नको. बापाला देव मानतो तो."

गाडी सुटली. मी होकारार्थी मान हलवली होती, हे मला आठवतंय. तुलाही आठवत असेल.

काल सकाळी एसटीने वडखळला उतरले आणि रिक्षा करून मामाकडे गेले. ऐंशी उलटलीत, ऐकू कमी येतं, पण मला लांबूनच ओळखलं. मी सांगितलं, मामा, मला सगळं ठाऊक आहे, नानांनी काय लिहिलं ते.

"म्हंजे तुला आत्ता कळलं व्हय?" तो म्हणाला. "आमाला लग्नाच्या आदीच ठाव व्हतं. बानं माफ केलं, मीबी केलं. पोटासाटी लिवलं त्यानं. पन लिवलं ते लिवलं, वर तो कागद भिंतीवर टांगला गो! विश्वासू म्हनं! आन माजी भैन त्याखाली भाकऱ्या भाजतेय!"

मी त्याला खोताच्या अंगणाचं पुन्हा सांगितलं. रोह्याच्या बाजारात खोताच्या घरचं कोणी समोरून आलं की नाना म्हातारपणीही नकळत रस्त्याच्या कडेला सरायचे, घरी येऊन स्वतःवरच चिडायचे आणि त्या फ्रेमखाली खुर्ची ओढून बसायचे, हेही सांगितलं.

"ह्ये बाजारातलं मला त्यानं कदी सांगितलं नाय," मामा म्हणाला. मग म्हणाला, "मीबी बसलो नाय म्हना ऐकायला." त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. सुनेला हाक मारून त्याने माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितला. निघताना मी विचारलं, "प्रदर्शनात लावू का ते सर्टिफिकेट?" तो म्हणाला, "लाव. पन माजा बाप पडला नवता, येवढं लिव."

आई, संध्याकाळी मी वसंताला फोन केला. तुझा शब्द मोडला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई म्हातारपणी काहीबाही बोलायची," आणि त्याने फोन ठेवला. आज त्याच्या बायकोचा फोन आला, ताई, हे कामावर गेले नाहीत, फ्रेम होती त्या भिंतीकडे बघत बसलेत. मी चूक केली का गं? का चूक तूच केलीस, इतकी वर्षं एकटीने हे घेऊन बसलीस ती? रागवू नकोस. मी तुझ्यावर रागावलेय, तेवढं चालवून घे.

नानांना हुजऱ्या म्हटलं त्याची माफी मागायला नाना नाहीत. ते खोटं लिहिताना रडले, हे समजल्यावर मला त्यांच्यावर जास्त राग येतो आणि जास्त मायाही येते. वर्गात कोणी मुलीने विचारलं असतं, "बाई, मग इंग्रज चांगले की वाईट?" तर मी फळ्यावर धडाधड लिहून मोकळी झाले असते. आज ती मुलगी समोर आली तर मी तिला आधी आपल्या घरातलंच सांगेन.

उद्या सकाळी चार ओळी द्यायच्या आहेत. तुला शब्द देते, आणि हा मोडणार नाही. नाना खोताच्या अंगणातून कसे वर आले ते मी लिहीन. त्यांच्या हातून काय लिहिलं गेलं तेही लिहीन. वसंता माझ्याशी बोलो न बोलो, पहिली ओळ मात्र तुझ्या वडिलांची असेल: गोमा हे बांधावरून पडले नव्हते, मुलीला वाचवताना त्यांचा हात शिपायाने मोडला. आणि त्या मुलीचं नाव लिहीन, आई. त्या प्रसंगाच्या कुठल्याच कागदावर ते अजून आलेलं नाही.

तुझी,
शालू