नातीच्या प्रयोगाला माझी थुंकी

३ फेब्रुवारी

नातीला माझी थुंकी हवी आहे. कॉलेजचं तिसरं वर्ष, रसायनाचा प्रकल्प, आणि सगळं जग सोडून आजीची थुंकी! थुंकी म्हणायचं नाही म्हणे, लाळ म्हणायचं. बरं, लाळ.

पिठाच्या पातळ पाण्यात आयोडीन टाकलं की ते निळं-काळं होतं. त्यात लाळ घातली की लाळ पीठ पचवते आणि निळेपणा जातो. किती मिनिटांत जातो, ते घड्याळ लावून बघायचं. तरुणांची लाळ जोरदार की म्हाताऱ्यांची, हा शोध. मी म्हटलं, मला विचारलं असतंस तर बसल्या जागी सांगितलं असतं. तर म्हणते, विचारून चालत नाही, मोजावं लागतं. एवढीशी होती तेव्हा दिवसाला सहा लाळेरी बदलून हिची लाळ मीच मोजली आहे.

तिची प्रयोगाची वही आहे, म्हणून मीही वही धरली. मला अक्षर येत नाही. मी सांगते, सून लिहिते. वहीच्या पाना, तू फक्त ऐक.

४ फेब्रुवारी

सकाळी चूळ भरायची, काही खायचं नाही, आणि नळीत रेघेपर्यंत लाळ सोडायची. नात आंघोळीला गेली. मी नळी तोंडाला लावून बसले. लिंबाची फोड डोळ्यांसमोर आणली. एक थेंब नाही! रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाल्यापासून तोंडाचं वाळवंट झालं आहे. कुणाला बोलले नव्हते. जन्मभर बोलून दुसऱ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं, आता स्वतःच्याच तोंडात नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

सून आपली नळी भरून बसली होती. तीही नमुनाच, मधल्या वयाची. आत बाथरूमचा नळ बंद झाला. सून म्हणाली, "द्या इकडे, आई." आणि माझीही नळी भरून दिली. चोवीस वर्षांत कुठलं काम इतक्या चटकन केलं नव्हतं. (लिही. जसंच्या तसं लिही.)

५ फेब्रुवारी

तसंच.

६ फेब्रुवारी

तसंच. आता सून विचारतही नाही, हात पुढे करते.

१५ फेब्रुवारी

नात उड्या मारत घरी आली. बारा म्हाताऱ्यांची लाळ तपासली, तरुणांच्या तोडीस तोड निघाली, आणि त्यात माझा पहिला नंबर. चार मिनिटांत निळं साफ! मी म्हटलं, घराणंच तसं आहे आपलं. सुनेला ठसका लागला.

१९ फेब्रुवारी

भानगड. नातीच्या सरांनी आकडे नीट बघितले. माझे आणि सुनेचे तिन्ही दिवस सारखे, दोन-चार सेकंदांचा काय तो फरक. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, नळ्यांमध्ये घोळ झाला. पण सर पडले शिकलेले. ते म्हणाले, सासू-सून, म्हणजे रक्ताचं नातं नाही, म्हणजे हा एका स्वयंपाकघराचा परिणाम. चोवीस वर्षं एकत्र जेवून दोघींची लाळ एक झाली! भाजीत मीठ किती यावर आमचं आजवर एकमत नाही, लाळेचं मात्र झालं.

संध्याकाळी सरांचा मला फोन.

"आजी, सुनेशी तुमचं फार जमत असणार."

"जमतं तर," मी म्हटलं. "एका तोंडाने बोलतो आम्ही."

२३ फेब्रुवारी

हे आता परिषदेत मांडायचं ठरलंय. दुसऱ्या शहरात, पुढच्या महिन्यात. ज्यांचं काम आवडेल त्यांना उन्हाळाभर मोठ्या प्रयोगशाळेत घेणार. नात आरशासमोर उभी राहून भाषण पाठ करते. "माझ्या आजीचे आभार" असं त्यात एक वाक्य आहे. ते आलं की मी उठून आत जाते.

सून म्हणते गप्प बसू या, पोरीचं भलं होतंय. मी म्हटलं, भर सभेत कुणी म्हणालं, आजींची लाळ पुन्हा मोजा, तर? पोरीचं तोंड काळं होईल, आयोडीन न घालता.

सून रडली. थोडीच. तेही लिही.

२७ फेब्रुवारी

सांगितलं. नातीला समोर बसवलं, नळी मागून घेतली आणि तिच्या देखत पाव तास तोंडाला लावून बसले. नळी कोरडी. सून भिंतीकडे बघत होती. पोरगी हुशार, फोड करून सांगावं लागलं नाही.

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू लाळ मागितलीस. आहे का, ते कुठे विचारलंस?"

हे बोलायला नको होतं. ती उठून आपल्या खोलीत गेली. दार आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२८ फेब्रुवारी

माझ्याशी अबोला. आईशीही. जेवते, ताट उचलते, जाते.

२ मार्च

तिने सरांना जाऊन सांगितलं. सर म्हणाले, दोन नमुने वगळ आणि बाकीचं मांड, परिषद तोंडावर आली आहे. एका स्वयंपाकघराचा तो थोर शोध त्यांनी पाणीसुद्धा न पिता गिळला. नात म्हणाली, उरलेल्यावर माझाच विश्वास नाही, माझं नाव काढा. सरांनी काढलं. परिषद गेली, उन्हाळाही गेला.

हे ती आईला सांगत होती. मी दाराआडून ऐकलं. माझ्यामुळे गेलं. इथे चेष्टा सुचत नाही.

९ मार्च

नात उरलेल्या अकराही म्हाताऱ्यांच्या घरी पुन्हा जाऊन आली. या वेळी समोर बसून नळी भरून घेतली. आठ जणांची कोरडी. कुणी नातवाची दिली होती, एका बाईंनी तर जावयाची. सगळे गोळ्या घेणारे, आणि सगळे लाजलेले.

आल्यावर माझ्याशेजारी बसली. "आजी, हे कधीपासून होतंय? घास कसा गिळतेस तू?"

मी सांगत गेले. ती लिहून घेत गेली.