कुकरीची वाटणी

॥ श्री ॥

प्रिय नयन,

सकाळी मालनने चहा पुढे ठेवताना विचारलं, सुट्टीच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून कुठे निघालात? मी म्हटलं, वाटणी करायला. तिला वाटलं गावाकडची, जमिनीची. मी तिचा समज तसाच राहू दिला. पन्नाशीला आलेला माणूस एका कुकरीची वाटणी मागायला डोंबिवलीहून कोपरीला चाललाय, हे बायकोला कुठल्या तोंडाने सांगायचं?

फोनवर बोललो असतो. पण तू फोन उचललास की आधी ‘बोल ताना, जेवलास का?’ म्हणतोस आणि माझा अर्धा राग तिथेच उतरतो. मला तो उतरू द्यायचा नव्हता. म्हणून लिहितोय. पेन माझं नाही, मध्येच अडतं, तेव्हा अक्षराला हसू नकोस. आमच्या गावची शाळा देवळाच्या ओवरीत भरायची आणि गुरुजी सांगायचे, पत्रात खोटं लिहू नये, कागदाला लक्षात राहतं. तेव्हा खरंच लिहितो. गेलं वर्षभर मी तुझ्यावर जळतोय. तुझ्यावर म्हणजे तुझ्या पैशावर नाही. नीट सांगतो.

शहाडचं ते भंगाराचं गोदाम तुला आठवत असेलच. मी कंपनीच्या स्टोअरसाठी जुनं पत्र्याचं कपाट बघायला आलेलो, तू तुझ्या टेम्पोसाठी स्प्रिंगचे पाटे. ढिगातून गुरख्यांच्या कुकरीचं एक वाकडं म्यान डोकावत होतं. तू मुठीला हात घातलास, मी म्यानाला, आणि दोघांनी एकदम ओढलं. कुकरी तुझ्याकडे गेली, म्यान माझ्याकडे राहिलं आणि म्यानाच्या पाठीमागच्या कप्प्यातून एक करंगळीएवढ्या पात्याची सुरी माझ्या पायाशी पडली. त्या कप्प्यातल्या छोट्या सुरीला कर्दा म्हणतात, शेजारच्या कप्प्यात ठिणगी पाडायची बोथट चकमक असते, हे तेव्हा आपल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. चकमक तर आधीच कुणीतरी हरवलेली. पात्यावर फौजेचा सरकारी शिक्का होता आणि ४३ साल. तू म्हणालास, मी आधी बघितली. मी म्हटलं, मी आधी. शेवटी भंगारवालाच कंटाळून म्हणाला, ‘भांडता कशाला शेठ, वजनावर द्यायचीय, दोघं मिळून न्या की.’

आपण मिळून नेली. कुकरी म्यानासकट तुझ्याकडे, कर्दा माझ्याकडे. खंडेनवमीला मी कर्दा घेऊन कोपरीला यायचं, तो म्यानात घालायचा, शस्त्रांची पूजा करायची, आणि दसरा झाला की परत न्यायचा. असं एकही वर्ष चुकलं नव्हतं.

पहिल्या वर्षी तू कुकरी माझ्या हातात द्यायला गेलास आणि मी दोन पावलं मागे सरलो. म्हटलं, खाली ठेव. हातातून हातात सुरी दिली की भांडण होतं. आमची आई मीठ आणि मिरचीसुद्धा कुणाच्या हातात देत नाही. तू पोट धरून हसलास. ‘ताना, तलवार असती तर काय केलं असतंस, तार करून मागवली असतीस?’ पण ठेवलीस. पाट आणलास, त्यावर ठेवलीस, मी उचलली. त्यानंतर जे जे आलं ते त्या पाटावरूनच आलं. शिंगाच्या मुठीची ती शिकारीची सुरी, बंदुकीला लावायच्या दोन संगिनी, भिवंडीच्या म्हाताऱ्याकडची कट्यार. आपण दोघं पिशवी घेऊन दारात दिसलो की तुझ्या आई, बायजाआई, आतून ओरडायच्या, ‘आयले दोगं भंगारवाले! आता भाकरीसंगं लोखंड खावा!’ आणि भाकरीसंगं खाडीची कोलंबी वाढायच्या. मी माळकरी घरातला, खात नाही, हे त्यांना दर वेळी नव्याने सांगावं लागायचं.

मग तुझ्या आजोबांच्या मिठागराच्या बाजूच्या जमिनीवर टॉवर आले. तू तिसऱ्या मजल्यावर गेलास. काचेचं कपाट आलं, कपाटात दिवे आले. खंडोबाची शपथ घेऊन सांगतो, तेव्हा मला एकदाही वाईट वाटलं नाही. माझ्या घरात एकच देवघर आणि त्याच्या खालच्या फळीवर कर्दा, मला तेवढं पुरत होतं. कधी संध्याकाळी दिवा लावताना तो दिसायचा आणि मनात यायचं, ह्याचा मोठा भाऊ कोपरीला आहे, मजेत आहे.

मला वाईट वाटलं ते हातमोज्यांनी.

गुरुदत्त तुला मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये भेटला. तू कौतुकाने सांगितलंस, ताना, घोडबंदरला राहतो, जुन्या हत्यारांचा दांडगा अभ्यास, तुला आवडेल. मला आवडला नाही. त्याच्यात खोट काढायचा मी फार प्रयत्न केला, नयन. सापडत नाही. आवाज चढवत नाही. चपला दाराबाहेर जोडीने लावतो. बायजाआईंच्या पाया पडतो. मला तानाजीराव म्हणतो, आणि ते कुचेष्टेने म्हणत नाही, हे तर मला अगदीच सहन होत नाही. त्याने सांगितलं, शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते चिकटून धूळ धरतं. मी घरी जाऊन कर्दा बघितला, खरंच धरलेली होती. त्याने सांगितलं, पात्यावर ओलं हळदकुंकू लावल्याने गंज चढतो, पूजा करा पण लोखंडाला बोट लावू नका. तेही खरंच असणार. इतकी वर्षं मी ज्याला भक्ती समजत होतो त्याचे डाग त्याने भिंगातून मला दाखवले. आणि शिंगाच्या मुठीची सुरी संस्थानातली नाही, तिची पितळेची टोपी अलीकडची आहे, हेही त्यानेच दाखवलं. तू म्हणालास, ‘बघ ना, एवढी वर्षं आपण येडे बनलो!’ मीही हसलो. पण ‘आपण’ म्हणताना तू त्याच्याकडे बघत होतास.

त्याच दिवशी त्याने पिशवीतून पांढरे सुती हातमोजे काढले, एक जोड स्वतः घातला, एक तुला दिला. मला विचारलं, तानाजीराव, तुम्हाला? मी म्हटलं, नको, मी बघतो. त्याने कपाटातून कुकरी उचलली, दोन्ही तळव्यांवर आडवी धरली आणि तुझ्यापुढे केली. तू घेतलीस. हातातून हातात. आपला पाट तेव्हा सोफ्याखाली होता, त्यावर तुझ्या लेकीची, कृतिकाची, कॅरमची पावडर सांडलेली. तुझ्या लक्षातही आलं नाही.

मी वाट बघत राहिलो, तुमचं भांडण होण्याची. देवापुढे बसून वाट बघितली, हेही लिहून टाकतो. डोळे मिटले की देव दिसायचा नाही, हातमोजे दिसायचे. तुमचं काही बिघडलं नाही. तुम्ही दोघं पुण्याला प्रदर्शन बघायला गेलात, तिथून मला मिसळीचा फोटो पाठवलात. मी म्हटलं, वा. हातातून हातात घेऊनही तुमचं बरं चाललं होतं, आणि इतकी वर्षं इमानाने खाली ठेवत आलेल्या आपलंच कुठेतरी तुटत होतं. देवाचा हा हिशेब मला अजून कळलेला नाही.

मग गणपतीनंतर तुझा तो फोन आला. तू इतक्या आनंदात होतास की जेवलास का हेसुद्धा विचारलं नाहीस. ‘ताना, जोड मिळाली! गुरुदत्तने कर्दा आणलाय, त्याच बनावटीचा, त्याच सालाचा. अरे, तुझ्याकडचा वेगळाच निघाला. फोटो बघितला त्याने, मुठीचं लाकूडच वेगळं आहे म्हणतो.’ मी म्हटलं, वा. दुसरं काय म्हणणार? त्या संध्याकाळी कर्दा उजेडात धरून बघितला. कुकरीची मूठ काळपट, ह्याची तांबूस. डोळ्यांसमोर होतं इतकी वर्षं. मला कधी दिसलं नव्हतं.

म्हणून ह्या वर्षी खंडेनवमीला आलो नाही. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. घरीच पाटावर कर्दा ठेवला, झेंडूचं फूल वाहिलं, हात जोडले. नयन, एकटा कर्दा पाटावर कसा दिसतो सांगू? मालन म्हणाली, ‘ही लिंबू कापायला बरी आहे.’ ती सहज बोलली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तेव्हाच ठरवलं, आता वाटणी. कुकरीत अर्धा हिस्सा माझा आहे. तुम्हाला नवी जोड मिळालीय ना, तर कर्दे दोन्ही तुम्ही ठेवा आणि कुकरी मला द्या. नाहीतर ती विकू आणि मोकळे होऊ. हे सगळं मी आज कोपरी पुलावरून चालत येताना पाठ केलं होतं. हातात कापडी पिशवी होती, कुकरी घालून न्यायला. कर्दा शर्टाच्या खिशात.

दार बायजाआईंनी उघडलं. तू नव्हतास, मेघनावहिनी आणि कृतिका दिवाळीच्या खरेदीला गेलेल्या. आईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, ‘आयलास का रं? यवढ्या दिसानं रस्ता गावला?’ मी म्हटलं, कुकरी बघायची होती. त्यांनी कमरेची किल्ली काढली, पुढ्यात टाकली आणि ‘तुजं लोखंड तूच बग, मना कालवन उतरायचंय’ म्हणून आत गेल्या. किल्ली त्यांनी जमिनीवर टाकली, हातात दिली नाही. वाकून उचलताना माझ्या पाठीतून कळ गेली, आणि आणखीही काहीतरी गेलं.

कपाट उघडलं. कुकरी लखलखत होती, पात्यावर हळदीचा ठिपका नाही, गुरुदत्तच्या सांगण्याप्रमाणे. मी म्यान उलटं केलं. मला बघायचं होतं त्याचा कर्दा कसा बसलाय ते. आणि खरं लिहितो, तो हलत असावा, सैल असावा, अशी प्रार्थना करत होतो.

कप्पा रिकामा होता. गुरुदत्तचा कर्दा शेजारी वेगळ्या पारदर्शक पिशवीत, कापसात, जसा आला तसा. आणि रिकाम्या कप्प्याच्या तोंडाशी, चामड्यावर, हळदकुंकवाचं बोट ओढलेलं. एक झेंडू वाळून त्यातच अडकलेला.

आई पदराला हात पुशीत बाहेर आल्या. ‘नवमीला तुजी वाट बगून बगून निवद गार केला त्यानं,’ म्हणाल्या. ‘तो मोजंवाला भला मानूस, म्हनला, घालून तरी बगा, बरोबर बसंल. आमचा म्हनतो कसा, नाय, तिथं मानूस हाय.’

तिथं माणूस आहे. बसमधल्या सीटवर रुमाल टाकून सांगतात ना, तसं.

तर नयन, हे पत्र मी तुझ्याच घरात, तुझ्याच सोफ्यावर बसून, कृतिकाच्या वहीचे कागद आणि तिचंच अडणारं पेन घेऊन लिहितोय. आईंना डुलकी लागलीय. वाटणीचं सगळं पाठ केलेलं आता आठवत नाही. जळणं थांबलंय असं मात्र समजू नकोस. गुरुदत्तच्या चपला अजूनही डोळ्यांत खुपतात, ती पुण्याची मिसळ तर फारच. त्यात आता तुझाही हेवा वाटायला लागलाय, कारण तुझ्या जागी मी असतो तर त्या अस्सल कर्द्याचा मोह मला आवरला नसता. पण एक गोष्ट मी मघापासून घोळवतोय. त्या फौजीचा स्वतःचा कर्दा कुठेतरी पडला असेल आणि शेजारच्या गड्याने आपला काढून दिला असेल, म्हणून मूठ वेगळी. असं होत असेल का, गुरुदत्तला विचार. नाही म्हणाला तर मला सांगू नकोस. सोफ्याखालून पाट काढलाय, त्यावरची पावडर पुसलीय, आणि कर्दा त्यावर ठेवलाय. म्यानात मी घातलेला नाही. आजवर एकाने ठेवलं आणि दुसऱ्याने उचललं, आजही तसंच. मी आता खाली सोसायटीच्या गणपतीच्या देवळात जाऊन बसतो. फोन करू नकोस. कर्दा उचललास की खिडकीतून हाक मार, तिसऱ्या मजल्यावरून तुझा आवाज खाली पोहोचतो. मी सकाळपासून जेवलेलो नाही.

तुझाच, जागेवर असलेला,
ताना