दाखल्याची मागची बाजू

आबा,

तुमच्या पणतीचं नाव वहीत टिकलं. आधी तेवढं सांगून टाकते, कारण मी गोष्ट सांगायला बसले की भलतीकडेच जाते आणि ऐकणारा ताटकळतो, असं तुम्हीच म्हणायचात. माझ्या मुलाची मुलगी, तुम्ही तिला बघितलेलं नाही, ती जनावरांची डॉक्टर आहे. आपल्या घरात, आबा! हे मी दिवसातून चारदा कुणाला तरी ऐकवते. भाजीवाल्याला सांगून झालं, दाताच्या डॉक्टरला तोंडात कापूस असताना सांगितलं, येरवड्याच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला तर तिचा स्टॉप निघून गेला तरी सांगत होते. आता तुमची पाळी. चौथीपर्यंतच शिकलेली मी, अक्षर गिचमिड आहे, सांभाळून घ्या.

मला आधी वाटायचं, परीक्षा पास झाली की झाली डॉक्टर. तसं नसतं. पाच-साडेपाच वर्षं शिकायचं, त्यातलं शेवटचं दवाखान्यात राबायचं, आणि नुसतं राबायला सुद्धा कच्ची नोंदणी लागते. मग कौन्सिलच्या वहीत पक्कं नाव चढतं, नंबर मिळतो, तेव्हा कुठे जनावराला सुई टोचायचा आणि कागदावर सही करायचा हक्क येतो. आणि तोही कायमचा नाही बरं का. दर पाच वर्षांनी नाव पुन्हा नवं करून घ्यायचं, मधल्या काळात नवीन काय शिकलात त्याचे कागद दाखवायचे. मी म्हटलं, "एकदा आलेलं विसरता की काय तुम्ही?" तर म्हणते, "आजी, गॅसचं केवायसी करतेस ना, तसं समज." त्या शिकवण्यांना ती रविवारीसुद्धा जायची. एका रविवारी मी कंबर मोडून पुरणपोळ्या केल्या आणि ही कुठल्याशा हॉलमध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडावरचं भाषण ऐकत बसली. आल्यावर गार पोळी खाल्ली. मी दोन दिवस धड बोलले नाही.

नोंदणीचा कागद म्हटला की मला लोणी काळभोरचा तुमचा दवाखाना दिसतो. मी डबा घेऊन यायची. साहेबांच्या, म्हणजे तिथल्या डॉक्टरांच्या, खुर्चीमागे भिंतीवर काचेच्या चौकटीत त्यांचा दाखला, आणि ती काच तुम्ही रोज सकाळी स्वतःच्या रुमालाने पुसायचात. झाडू मारायला माणूस होता, टेबल तो पुसायचा, पण काच तुम्ही. मी विचारलं होतं, यात काय आहे? तुम्ही म्हणालात, "यात साहेबांचं नाव हाय. हे हाय म्हणून दवाखाना हाय." तुमच्या वडिलांनी गावातली मेलेली ढोरं ओढली. तुम्ही दीक्षा घेतली, ते काम सोडलं ते सोडलंच, आणि जिवंत जनावरांच्या जखमा बांधायला लागलात. लोक तुम्हाला डॉक्टर म्हणून हाक मारायचे, तर चालता चालता थांबून सांगायचात, "डॉक्टर आत हायेत. मी पट्ट्या बांधतो." मला लाज वाटायची. एवढं काय ते सांगायचं, म्हणू द्या की लोकांना. शाळेत तर मी तुम्हाला डॉक्टरच करून टाकलं होतं.

आणि ती म्हैस. मी दहा वर्षांची असेन. साहेब मीटिंगला हडपसरला गेलेले, आणि वरच्या आळीतला तो माणूस म्हैस घेऊन येतो, जो एरवी आपल्याला अंगणाबाहेर उभं करायचा आणि चहा कान तुटलेल्या कपात द्यायचा. म्हशीचं पोट ढोलासारखं फुगलंय, जीभ बाहेर आलीय. तो तुमचे पाय धरतो. पाय, आबा! "डॉक्टर, टोचा की, तुम्हाला समदं येतंय." तुम्हाला येत होतं. ती जाड नळीची सुई कुठे घालायची, बरगडीपासून किती बोटं सोडून, हे तुम्ही शंभरदा बघितलेलं. कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला. तुम्ही किल्लीवर हात ठेवता, काढत नाही. म्हणता, "माझं नाव न्हाई वहीत." आणि सायकल काढून हडपसरच्या दिशेनं सुटता. साहेबांना घेऊन आलात तोवर म्हैस आडवी झालेली. त्या माणसाने तुम्हाला ज्या शिव्या दिल्या त्यात आपली जात होती, तुमची आई होती. संध्याकाळी जेवताना मी विचारलं, "तुम्हाला येत होतं ना? मग?" तुम्ही म्हणालात, "पुन्हा हे विचारायचं न्हाई," आणि भाकरी अर्धी टाकून उठलात. मी पुन्हा विचारलं नाही. पण खरं सांगू, मनात तुम्हाला भित्रा म्हटलं, आणि ते पुढे कितीतरी वर्षं तसंच राहिलं. म्हशीचा डोळा आठवला की अजूनही मला कळत नाही, तुमचं बरोबर होतं का.

तर काय सांगत होते, हिचं. हिची सरकारी दवाखान्यासाठी निवड झाली. यादीत नाव आलं तेव्हा मी पेढे आणले, पण पेढे खाऊन संपतात, मला काहीतरी टिकणारं करायचं होतं. तुमची काच डोळ्यासमोर. चौकट करायची तर मोठी झाली असती, हिच्या फाइलीत मावली नसती. म्हणून मी एका दुपारी हिच्या फाइलीतून नोंदणीचा दाखला काढला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात नेला आणि लॅमिनेशन करून आणला. कसा चकाकत होता! पाणी पडो, चहा सांडो, वाळवी लागो, काही म्हणून होणार नाही. परत फाइलीत ठेवला. फाइलीत प्रत्येक कागदाला प्लास्टिकचा खिसा, त्यामुळे हिने वरवर पानं चाळली तरी कशामुळे चकाकतंय ते तिला कळलं नाही. मी म्हटलं, बघेल तेव्हा गळ्यात पडेल.

पाच वर्षांची मुदत संपायला आली होती. कौन्सिलची कचेरी लांब, पण त्यांची माणसं एक दिवस शिवाजीनगरला एका हॉलमध्ये बसणार होती, तिथेच नावं नवी करून देणार होती. हिला त्याच दिवशी करून घ्यायचं होतं, कारण दुसऱ्या दिवशी नोकरीच्या कागदांची तपासणी. तिथे नोंदणी चालू दिसली नाही तर निवड गेली, खालच्या नंबरचा माणूस वर. हे मला हिने रिक्षात सांगितलं. मी हट्टाने बरोबर आले होते, मला ती वही बघायची होती. रांगेत सगळे डॉक्टरच. एकाच्या बुटाला शेण लागलेलं, एकीच्या बाहीवर मांजराचे केस. मी खुर्चीवर बसून सगळ्यांकडे बघून हसत होते.

हिचा नंबर लागला. टेबलामागच्या बाई चष्म्यावरून बघणाऱ्या. हिने फाइलीच्या खिशातून दाखला ओढला, तो वाकला नाही. मी बघत होते तिच्या चेहऱ्याकडे, आता वळेल, आता हसेल. ती नुसतीच बघत राहिली त्याच्याकडे.

बाईंनी दाखला पालथा केला, सुलटा केला. "नूतनीकरणाचा शिक्का मागे बसतो. आता कुठे मारू?"

"मॅडम, हे... मला माहीत नव्हतं."

"उत्तम केलंय काम. पाण्यात टाकला तरी भिजणार नाही. शाई मात्र धरणार नाही."

मी उठून पुढे गेले. "मी केलं हो. कागद खराब होऊ नये म्हणून."

"आजी, कागद वापरायला असतो. आपण पोळपाटही लॅमिनेट करता का?" मागे कुणीतरी हसलं. मग त्या जरा मऊ झाल्या. "दुसरी प्रत मिळते. अर्ज करायचा. तीन-चार आठवडे धरा."

"माझं उद्या व्हेरिफिकेशन आहे," ही म्हणाली. इतक्या हळू की बाईंना परत विचारावं लागलं.

मग ती माझ्याकडे वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "आजी, तू बाहेर जाऊन बस." मी गेले नाही. दोन पावलं मागे सरले, बस. ती भिंतीशी जाऊन बसली, नखाने कोपरा उचकटायला लागली. प्लास्टिक सुटेना. बुटाला शेण लागलेला म्हणाला, "अहो, ब्लेडने कडेकडेनं जा, बघा." हिच्या पर्समध्ये ऑपरेशनचं पातं कागदात गुंडाळलेलं असतंच. तिने काढलं, दाखला मांडीवर घेतला, पातं कोपऱ्यात घातलं. सुटलं जरा. पण प्लास्टिकबरोबर कागदाचं सालपट वर आलं, आणि त्या सालपटापासून सही दोन बोटांवर. तरी तिने पातं पुन्हा त्याच कोपऱ्यात घातलं. हक्क असलेली माझी नात, आणि मी तिच्या हक्काला प्लास्टिकमध्ये कोंडून आणलं होतं.

"ते पातं आधी खाली ठेवा." मागच्या टेबलावरचे वयस्कर साहेब उठून आले होते. त्यांनी दाखला हातात घेतला, उजेडात धरला. "फाडला असतात तर तुमच्याकडे काहीच राहिलं नसतं. नंबर वाचता येतोय ना? बसा."

ते कॉम्प्युटरपुढे बसले. नंबर घातला. पांढरा पडदा, त्यावर गोल फिरतंय. "नेट," ते म्हणाले. आम्ही तिघं त्या गोलाकडे बघतोय. हिचे दोन्ही हात मांडीवर, एकमेकांत घट्ट. गोल थांबला, पुन्हा फिरायला लागला. मग हिचं नाव आलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, शेजारी लहानपणचा वाटावा असा फोटो. साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, "आजी, नाव इथे असतं. तो कागद नुसता पुरावा." मला वाटलं सुटलो. पण ते म्हणाले, "शिकवण्यांचे कागद." एक एक कागद घेतला, तारीख बघितली, तास मोजले. कुत्र्याच्या मूत्रपिंडाचाही होता त्यात. मी मनातल्या मनात त्या रविवारच्या सगळ्या पोळ्या परत घेतल्या. मोजून झालं तेव्हा म्हणाले, "पुरेसे आहेत. जास्तच आहेत," आणि हिचे खांदे खाली आले.

"मी वहीत नूतनीकरण करतो, तसं पत्र देतो. उद्या चालेल ते. पण दाखला का खराब झाला त्याचा अर्ज लागेल, तुमच्या हस्ताक्षरात, सहीनिशी. कुणी केलं, कसं केलं, स्पष्ट लिहा."

हिने कागद घेतला. मी म्हटलं, माझं नाव लिही. ती लिहिता लिहिता थांबली. "आजी, दुकानदारीण बोलली नाही का गं काही? ओरिजिनल असेल तर ते विचारतात." साहेब पेनाचं टोपण लावून उभे. बाई चष्म्यावरून बघतायत. मी म्हटलं, "नाही गं. तिने सरळ मशीनमध्ये घातला." हिने तसंच लिहिलं, की दुकानदाराने विचारणा न करता लॅमिनेशन केल्यामुळे दाखला खराब झाला. खाली सही केली, सहीखाली नोंदणीचा नंबर. साहेबांनी पत्रावर शिक्का मारला, धपकन.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. पत्र बघितलं, ठेवून घेतलं, पुढचा म्हणाले. हिने फोनवर सांगितलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. कुठला दवाखाना मिळतो ते अजून ठरायचंय. कुठलाही मिळो, तिथल्या कपाटाची किल्ली हिच्याकडे असेल आणि हिला कुणाची वाट बघायला लागणार नाही. रात्री माझ्या शेजारी येऊन झोपली, म्हणाली, "सॉरी आजी, बाहेर बस म्हटलं." मी म्हटलं, झोप.

आबा, हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत आहे, कुठेच नाही. वहीतच राहील. म्हणून लिहिते. झेरॉक्सवाल्या बाईने मला विचारलं होतं. दोनदा. "आजी, हा असली दाखला आहे, यावर पुढे शिक्का लागला तर बसणार नाही, रंगीत झेरॉक्सवर करून देऊ का?" मी म्हटलं, झेरॉक्सवर काय करायचंय, असलीच चकाकला पाहिजे, तू कर. परवा मी दूध घेऊन येताना तिने दुकानातून हाक मारली, "आजी, नातीचं काम झालं का हो? मला बाई काळजी लागून राहिली होती." मी म्हटलं, झालं. आणि पिशवी या हातातून त्या हातात घेत घरी आले.