टकरचं सफरचंद

कोम्बर्ली, सॉमरसेट
२२ ऑक्टोबर २०१९

प्रिय मर्टलताई,

कशी आहेस? मी ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण शिडी सोडलेली नाही. यंदा फळ मुबलक आलं. ब्रॅम्ली जातीच्या सफरचंदांच्या फांद्यांना टेकू द्यावे लागले. आणि गावातल्या दुकानात मात्र न्यूझीलंडची चकचकीत सफरचंदं! मी त्या बाईला म्हटलं, "अगं, मागच्या दारानं बाहेर पडलीस तर डोक्यात पडतील इतकी आहेत." तिनं पिशवी हवी का विचारलं.

शनिवारी गावच्या हॉलमध्ये सफरचंद दिन झाला. सालीची सलग पट्टी काढण्याची स्पर्धा पाद्रीबाईंनी जिंकली. फळाची जात ओळखून देण्याच्या टेबलावर नेहमीप्रमाणे मी होतो. लोक परसातलं फळ आणतात, मी ते चिरतो, बिया बघतो, चव घेतो आणि चिठ्ठीवर नाव लिहितो. तेवीस वर्षांत मी क्वचितच चुकलो असेन.

दुपारी पन्नाशीची एक बाई आली. कागदी पिशवीतून तिनं एकच फळ काढलं. खरबरीत तपकिरी साल, देठाशी तिरकं. चिरण्याआधीच वास आला आणि मी सुरी खाली ठेवली.

"मी हिलरी. मर्टलची मुलगी," ती म्हणाली. "आईनं सांगितलंय, मामालाच विचार."

मी चिठ्ठीवर लिहिलं, 'नाव माहीत नाही.'

ती हसली. "आई म्हणालीच होती. ओळखेल, पण सांगणार नाही."

तिला चहासुद्धा विचारला नाही मी. छप्पन्न वर्षांच्या दुराव्यानंतर भाची समोर आली आणि असा वागलो. लाज वाटते.

ते आपल्या घराण्याचं 'टकरचं सफरचंद' होतं. पणजोबांनी बी लावून वाढवलेलं, जगात एकच झाड. त्रेसष्टच्या जानेवारीत ते मेलं. दरवर्षी सतरा जानेवारीला, झाडाला भरपूर फळ यावं म्हणून, तुला उचलून धरायचे, तू सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्या दारूत, बुडवलेला पाव फांदीत अडकवायचीस, मग सगळे झाडाच्या नावानं आरोळ्या ठोकायचे. त्या वर्षी तू आठवडाभर आधीच नॉर्मनकडे लेस्टरला निघून गेलीस. मे महिन्यात झाडाला पान फुटलं नाही, तेव्हा बाबा म्हणाले, "पोरीनं पाठ फिरवली, झाडानं जीव सोडला." तुझ्या लग्नाला ते आले नाहीत. तुझी पत्रं न फोडता चुलीत टाकली. आता कळतंय, त्यातल्या एखाद्या पत्रात तू लिहिलं असशील की जाताना त्या झाडाच्या काड्या नेल्या होत्या, त्यांचं कलम जगलंय.

ताई, झाड मी मारलं.

त्या वर्षीचं बर्फ आठवतंय ना? मेंढ्या माझ्याकडे होत्या. कोल्ह्यानं खुराडं फोडलं म्हणून मी बुंध्याभोवतीची जाळी काढून तिथं ठोकली. म्हटलं, उद्या दुसरी लावू. ती राहूनच गेली. उपाशी मेंढ्यांनी बुंध्याची साल चहूबाजूंनी सोलून खाल्ली. मी शेणमाती लिंपली, वर पोतं गुंडाळलं आणि बाबांना सांगितलं, थंडीसाठी केलंय. त्यांनी पाठ थोपटली माझी.

एकोणीस वर्षांचा होतो, घाबरलो, हे समजण्यासारखं आहे. पण मेमध्ये बाबा तुला बोल लावत होते तेव्हा मी समोर बसून जेवत होतो. त्यानंतर ते आठ वर्षं जगले. रोज सांगता आलं असतं. शेवटच्या आजारात त्यांनी एकदा विचारलं, "मर्टल येईल का रे?" मी म्हटलं, "तिला आपली पर्वा नाही, बाबा." हे त्या झाडापेक्षाही वाईट केलं मी. त्यांच्या आजाराचं तुला कळवलंसुद्धा नव्हतं. तू आलीस ती थेट दफनाला, आणि फाटकाशीच उभी राहिलीस. मी तुला आत बोलावलं नाही.

काल हॉल आवरताना सगळ्यांसमोर ती चिठ्ठी फाडली आणि खरं नाव लिहिलं. कुणी मारलं आणि कुणी जगवलं, तेही सांगितलं. मग बाबांच्या थडग्यावर जाऊन तेच सांगितलं. तिथं सोपं गेलं, त्यांना उत्तर देता येत नाही.

तुला देता येतं. माफी मागायला मला तोंड नाही. पण बाबा तुझी वाट बघत गेले, एवढं तुला कळायलाच हवं होतं.

तुझ्या वाटचे वडील तुझ्यापासून तोडणारा,
ॲम्ब्रोज